खंडाचे दोन दिवस

माझ्या ऑफिसच्या टेबलाला उजव्या हाताला एक खण होता. त्याला कुलूप होतं आणि किल्ली फक्त माझ्याकडे असायची. दर अकरा महिन्यांनी त्या खणात चार ओळखपत्रं दोन दिवसांसाठी येऊन पडत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती ज्याची त्याला परत द्यायचो. ह्याला फाइलीत 'तांत्रिक खंड' म्हणत. ऐकणाऱ्याला वाटावं, कुठलं तरी यंत्र बंद पडलंय.

नवी मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयात मी कारकून म्हणून लागलो आणि प्रशासनाचा सहायक व्यवस्थापक होऊन बाहेर पडलो. काम पाणीपुरवठ्याचं. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण माझं पेन्शन तिथूनच येतं आणि मी मुळात भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कॉम्प्युटरच्या कामाला कायम माणसं घ्यायची नाहीत असं वरून ठरलेलं होतं. म्हणून ती एजन्सीकडून मागवायची. निविदा, करार, पुरवठा आदेश. ह्या माणसांची फाइल खुर्च्या आणि एसी ह्यांच्या फाइलींच्या कपाटातच राहायची. आमच्या एका कारकुनानं एकदा मागणीपत्रात 'प्रणाली सहायक – ४ नग' असं लिहिलं होतं. मी ते खोडून 'चार पदे' केलं आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो. आपण फार माणुसकीनं वागतो असा माझा तेव्हा समज होता.

त्या चौघांमधली एक ती. सगळं ऑफिस तिला ताई म्हणायचं, तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा असून मीसुद्धा. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातली, लग्न होऊन खांदेश्वरला राहायला आलेली. एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण घाईत असली की गावची बोली वर यायची आणि 'पाणी'चं 'पानी' व्हायचं. पाण्याच्या ऑफिसात ते दिवसातून पन्नास वेळा व्हायचं. आमच्यातले काही शहाणे हसायचे. मीही हसलो असेन.

तिचं काम सांगायला सोपं होतं. कोणत्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं ह्याचं वेळापत्रक दर महिन्याला सिस्टिमवर चढवायचं. त्यावरून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसांना आणि सोसायट्यांना मोबाइलवर मेसेज जात. मात्र नवं वेळापत्रक चालू करण्याआधी जुनं बंद करावं लागे. ते राहून गेलं तर व्हॉल्व्हवाल्यांना दोन-दोन मेसेज जात, दोन भाग एकाच वेळी उघडत आणि शेवटच्या टोकाच्या वस्तीत थेंब पोचत नसे. ही सिस्टिम कोणीतरी फक्त आमच्यासाठी बनवून दिली होती आणि बनवणारा केव्हाच पसार झाला होता. ती दुसरीकडे कुठे नव्हती, आणि आमच्याकडे ती एकट्या ताईला कळायची.

आता खंडाचं. अकरा महिन्यांचा आदेश, मग दोन दिवस कोरे, मग पुन्हा अकरा महिन्यांचा आदेश. हे दोन दिवस कशासाठी, तर मी सलग काम केलं, मला कायम करा, असं उद्या कोणी म्हणू नये. त्या दोन दिवसांत ओळखपत्र माझ्या खणात, लॉगिन बंद, हजेरीच्या तक्त्यात आडवी रेघ. ती रेघ मीच मारायचो, पट्टी लावून.

पहिल्याच वर्षी खंड नेमका महिनाअखेरीला आला. बाकीचे तिघं आपापल्या गावी गेले. वेळापत्रक कोण चढवणार ह्याचा विचार कोणीच केला नव्हता, म्हणजे मीच केला नव्हता. सकाळी दहापर्यंत फोनांनी नाकीनऊ आणले. मोठे साहेब माझ्या केबिनमध्ये आले आणि बसले नाहीत. ते बसले नाहीत की काय समजायचं ते आम्हाला ठाऊक होतं. मी ताईला फोन लावला.

"ताई, जरा येऊन जाता का?"

"सर, पण आज माझा ब्रेक हाय ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "साहेब इथे उभे आहेत." मग तीच म्हणाली, "येते. टेन्शन नका घेऊ."

गेटवर तिला अडवलं. वॉचमन तिला चांगला ओळखत होता, पण ओळखपत्र नाही तर आत सोडायचं नाही असा नियम, आणि ओळखपत्र माझ्या खणात. मी खाली जाऊन तिची नोंद अभ्यागतांच्या रजिस्टरमध्ये करायला लावली. 'कोणास भेटायचे' ह्या रकान्यात माझं नाव पडलं. 'कामाचे स्वरूप' ह्या रकान्याशी वॉचमनचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खासगी लिही."

वर आल्यावर दुसरी अडचण. तिचं लॉगिन बंद. मी माझा पासवर्ड कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला आणि माझ्या खुर्चीतून उठलो. ती आधी बसेना. मग टेकल्यासारखी बसली.

"सर, हे सगळं तुमच्या नावावर पडनार. लॉगमध्ये."

"पडू दे हो," मी म्हणालो. "काम होणं महत्त्वाचं."

पाहुण्यांच्या खुर्चीत बसून मी दोन चहा मागवले. दुपारपर्यंत तिनं सगळं सुरळीत केलं. त्या महिन्यात एकही तक्रार आली नाही.

पुढच्या वर्षी मी तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं. त्याच्या पुढच्या वर्षी सांगावंही लागलं नाही. संध्याकाळी ती माझ्याकडे ओळखपत्र जमा करायची, मी सही घ्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन पाहुणी म्हणून हजर. गेटवर तेच रजिस्टर, तेच 'खासगी'. अशी नऊ वर्षं गेली. एका उन्हाळ्यात खंडाच्या दिवशीच मोठी जलवाहिनी फुटली. तिनं दोन्ही दिवस माझ्या खुर्चीत बसून अख्ख्या शहराचं वेळापत्रक फिरवलं, टँकरच्या फेऱ्या लावून दिल्या. सिस्टिममध्ये नाव माझं होतं, म्हणून प्रशस्तिपत्र मला मिळालं. सभागृहात ती मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी तिला पेढ्यांचा बॉक्स दिला. चांगला मोठा.

तिच्याकडे एक प्लॅस्टिकची फाइल होती. प्रत्येक आदेश, प्रत्येक पत्र, एजन्सीनं दिलेली प्रत्येक चिठ्ठी ती त्यात तारखेप्रमाणे लावून ठेवायची. मी एकदा चेष्टा केली, "काय ताई, ऑफिसचं रेकॉर्ड घरी नेताय?"

ती हसली नाही. म्हणाली, "माझा बाप खाडीत मासे मारायचा, सर. माती टाकून खाडी भरली तवा बोलले, कागद दाखव. त्याच्याकडं जाळं होतं, होडी होती, कागद नवता. आता तिथंच कंटेनरच्या यार्डात वॉचमन हाय तो. म्हनून मी कागद सांभाळते."

तिची आई दवाखान्यात होती त्या वर्षी खंड जवळ आला, तेव्हा तिला धास्ती वाटली की आपल्याला येता आलं नाही तर सरांचं काय होणार. माझं. तिनं मला एक वही लिहून दिली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली, वर तारीख. पहिल्या पानावर 'सर, घाबरू नका' आणि पुढे वेळापत्रक कसं चढवायचं ते पायरी पायरीनं, माझ्यासारख्या अडाण्याला समजेल असं. कुठे काय दिसेल, काय दाबायचं, चुकलं तर परत कसं यायचं. मध्ये मध्ये समजावणंही होतं. 'इथे स्क्रीन पांढरी होते. पाच मिनिटं थांबा, चहा घ्या, परत परत दाबू नका.' त्या वर्षी आई सावरली आणि ती आलीच. वही माझ्या खणात राहिली.

मग नवी निविदा निघाली. तिचा मसुदा माझ्याकडे होता. आमच्याकडे मसुदा कोणी बसून लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी कार्यालयाची निविदा आणतात, नावं बदलतात. मीही तेच केलं. कुठल्या कार्यालयाची होती तेही आठवत नाही. त्या निविदेच्या अटींमध्ये सोळाव्या क्रमांकाला होतं, उमेदवाराचं वय पस्तीसच्या आत असावं. मी ते वाचलं नाही. मोठ्या साहेबांनी वाचलं नाही. पाच सह्या झाल्या, जाहिरात आली, एजन्सी ठरली. नव्या एजन्सीनं मात्र अट वाचली. ताई एकोणचाळीस वर्षांची होती.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, शुद्धिपत्रक काढू. ते म्हणाले, आता काढलं तर निविदाच पुन्हा काढावी लागेल, आणि चूक कोणाची ते लिहावं लागेल. मी मूग गिळून बसलो. नवीन मुलांना महिनाभर शिकवून ताई गेली. ओळखपत्र ह्या वेळी तिनं माझ्या खणात नाही, टेबलावर ठेवलं.

दोन महिन्यांनी समजलं की तिनं कामगार न्यायालयात दावा केलाय. मागणं एवढंच होतं की माझं काम सलग होतं, मला कामावर परत घ्या. आमच्या विधी अधिकाऱ्याचं म्हणणं, खंड आहेत, सलग कसं? तिनं लिहून दिलं होतं की खंडाच्या दिवशीही मी कामावर होते. ज्या प्लॅस्टिकच्या फाइलीवर तिचा एवढा भरवसा, त्यातल्या प्रत्येक आदेशावर आमच्या बाजूचाच पुरावा छापलेला होता, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत.

तिचा मला फोन आला. आवाज पूर्वीसारखाच. "सर, वकिलांना मी सांगितलंय, आमचे सर आहेत. तुम्ही जास्त काय नका बोलू. जे झालं तेवढंच सांगा."

मी म्हणालो, "हो, हो. सांगतो ना." खरोखर सांगणार होतो, असं मला आजही वाटतं. पण दुसऱ्याच दिवशी विधी अधिकाऱ्यानं बोलावलं. वयानं माझ्या मुलाएवढा, बोलणं गोड. त्याच्यासमोर लॉगचे कागद होते आणि गेटच्या रजिस्टरच्या झेरॉक्स. नऊ वर्षं, खंडाचे सगळे दिवस. कागदांवर माझं लॉगिन आणि रजिस्टरमध्ये तिचं 'खासगी'.

"काम तुम्ही केलंय, सर. इथे स्वच्छ दिसतंय," तो म्हणाला. "तुम्ही केलं नसेल तर मग पासवर्ड दुसऱ्याला दिला असा अर्थ होतो. तो वेगळा विषय. चौकशी लागते. रिटायरमेंटला किती राहिले?"

"सात महिने."

"हां," तो म्हणाला आणि कागद नीट रचू लागला. चौकशी चालू असताना निवृत्त झालेल्या माणसाचं पेन्शन कसं लटकतं, ते मी प्रशासनात बसून तीस वर्षं पाहिलेलं होतं. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. प्रतिज्ञापत्र त्यानं तयारच ठेवलं होतं. सदर दिवशी सदर काम मी स्वतः केले. मी सही केली. नेहमीसारखीच सही झाली.

तिचा वकील उलटतपासणीत कामाबद्दल विचारणार, हे विधी अधिकाऱ्यानं ताडलं. "थोडं वाचून या," तो म्हणाला. मी खणातून वही काढली आणि सानपाड्याला घरी घेऊन आलो. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बायकोला वही हातात धरायला लावली आणि तोंडी परीक्षेसारखं विचारायला सांगितलं. ती विचारायची, मी सांगायचो. ती नववीच्या मुलांना शिकवायची, सोडत नसे. "नाही, ह्याच्या आधीचं राहिलं तुमचं. पुन्हा सांगा." तीन रविवार आम्ही हे केलं. तिसऱ्या रविवारी ती पान उलटता उलटता म्हणाली, "अक्षर काय सुरेख आहे हो. कोणाचं?"

"ऑफिसमधलं," मी म्हणालो.

तिनं पहिलं पान काढून वाचलं. 'सर, घाबरू नका.' मग माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

न्यायालयाची खोली लहान होती. दोन पंखे, त्यातला एक चालू. ताई मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर ती प्लॅस्टिकची फाइल. मला पाहून उठून उभी राहिली, ऑफिसात राहायची तशी. प्रतिज्ञापत्र तिनं वाचलेलंच असणार, तरी उभी राहिली. मी मान खाली घातली.

तिचा वकील तरुण होता, पण मुद्द्यावर आला. "तुम्ही म्हणता काम तुम्ही केलं. तुमचं शिक्षण?"

"बी. ए."

"मग कोर्टाला सांगा, वेळापत्रक कसं चढवायचं. पहिल्यापासून."

मी सुरू केलं. एकेक पायरी बरोबर येत होती. वकिलाचा चेहरा पडत चालला हे मला दिसत होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा परीक्षेत पेपर सोपा गेल्यासारखं वाटत होतं. स्क्रीन पांढरी होते तिथे मी आलो आणि बोलून गेलो, "तेव्हा पाच मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा, परत परत दाबायचं नाही."

मागच्या बाकावर फाइलीचं प्लॅस्टिक वाजलं. मी नको तेव्हा मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. काहीतरी ओळखीचं कानावर पडलं की माणूस बघतो तशी. आणि माझी गाडी घसरली. पुढचं काही आठवेना. वकील पुढे सरकला. "सांगा. मग?"

"मग... मग नवं वेळापत्रक चालू करायचं," मी म्हणालो.

"सर, आधी जुनं बंद," मागून आवाज आला. "नायतर टोकाला पानी जानार नाय."

ती स्वतःच दचकली होती. तोंडावर हात गेला होता तिचा. नऊ वर्षं खंडाच्या दिवशी शेजारी बसून मी पुढची पायरी सांगायला जायचो आणि त्या जागी चुकलो की ती हेच म्हणायची, तेच तिच्या तोंडून निघून गेलं. तिच्या वकिलानं डोळे मिटले, मग घाईनं म्हणाला, "साहेब, हे कृपया नोंदवून घ्यावं." आमचा वकील उठून म्हणाला, की साक्षीदार उत्तर देत असताना मध्ये कोणी बोलू शकत नाही. न्यायाधीशांनी ताईला ताकीद दिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं उत्तर काय? जुनं आधी बंद करायचं का?"

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं फक्त. साहेब, हे हिला माहीत आहे, मला नाही.

"हो," मी म्हणालो. "मी तेच सांगणार होतो."

टायपिस्टनं ते माझं उत्तर म्हणून टाइप केलं. काही महिन्यांनी निकाल लागला, त्यात ह्याचा उल्लेख आहे. साक्षीदाराने कामाची कार्यपद्धती तपशीलवार व अचूक सांगितली, असं लिहिलंय. दावा फेटाळला. तोवर मी शाल, श्रीफळ घेऊन घरी बसलो होतो.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सुनावणी संपल्यावर मी जिन्यावरून उतरत होतो, तर ती खालच्या वळणावर उभी होती. मला वाटलं, आता बोलणार. बोलावं असंही वाटत होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिथेच रडलो असतो, आणि कदाचित वर परत गेलो असतो.

"सर," ती म्हणाली, "ती माझी वही तुमच्याकडं हाय ना?"

मी एक पायरी खाली उतरलो.

"उरणला एका गोडाऊनवाल्याकडं कामाचं विचारलंय. ते बोलतात, नऊ वर्षं काय केलं त्याचं काहीतरी दाखव. ती सिस्टिम तर दुसरीकडं कुठं नाय. वही दाखवली असती. तेवढाच कागद हाय माझ्याकडं, की हे मला येतं."

एजन्सीचे सगळे आदेश तिच्या हातात होते. पण त्यांत काम काय केलं ते एका ओळीनंही लिहिलेलं नव्हतं. आणि मला त्याच वेळी दिसलं की त्या वहीवर तारीख आहे, तिचं अक्षर आहे, पहिल्या पानावर मला उद्देशून लिहिलेलं आहे. ती वर कोर्टात नेऊन टेबलावर ठेवली तर माझं प्रतिज्ञापत्र उभं राहणार नाही. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिला फक्त नोकरी हवी होती.

"बघतो," मी म्हणालो. "घरी कुठे ठेवलीय, शोधावी लागेल."

"हो, चालेल. सापडली की फोन करा," ती म्हणाली, आणि मला आधी उतरता यावं म्हणून भिंतीला सरकून उभी राहिली.

मी तिच्या अगदी जवळून गेलो. खांद्याला पिशवी होती, आणि सकाळी येताना उजळणी करायला घेतलेली ती वही पिशवीतच होती. पिशवीचा बंद मी हातानं घट्ट धरला होता. मी तिला फोन केला नाही. तिनं दोनदा केला आणि मग सोडून दिला. वही अजून माझ्याकडे आहे.